तलफेचा इन्साफ

व्यसनी माणसास सुखलोलुप म्हणण्याची आपली रीत इतकी जुनी आहे की, तिच्यामागे एक सिद्धान्त दडलेला आहे आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या वस्तूपायी माणूस घरदार विकतो, त्या वस्तूपासून त्याला घरादाराहून अधिक सुख मिळत असले पाहिजे. अर्थात त्याने हिशेब करून सुख पत्करले, आणि म्हणून दोष सर्वस्वी त्याचा, असा तो सिद्धान्त आहे. गेल्या सत्तर वर्षांत उंदीर, माकडे आणि रुग्ण यांच्या मेंदूविषयी जे ज्ञान हाती आले, त्याने हा सिद्धान्त मुळापासून हलवला आहे अशी माझी खात्री झाली आहे. तथापि तो हलल्यावर दोषाची जबाबदारी कोणाकडे जाते, ह्याचा निवाडा प्रयोगशाळेत होत नाही. माझ्या परिचयाचे एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि मेंदूविज्ञानाचा अभ्यास करून आता व्यसनमुक्तीच्या कामात असलेली त्यांची भाची यांच्यात ह्याच प्रश्नावर जो वाद चालत आला आहे, त्यातील मुख्य भाग पुढे देत आहे.

मामा : तलफ ही मेंदूतील एका मार्गाची क्रिया आहे असे तू म्हणतेस. मला ते मान्य आहे. पण दानधर्म हीदेखील मेंदूतीलच कोणत्या तरी मार्गाची क्रिया असणार. दात्याचा सत्कार करताना आपण त्याच्या मज्जापेशींचे कारण पुढे करून शाल परत मागत नाही. मग चोराच्याच बाबतीत हे कारण न्यायासनापुढे का आणावे?

भाची : प्रत्येक कृत्यामागे मेंदू असतो एवढेच मला सांगायचे असते, मामा, तर तुमचा आक्षेप बिनतोड होता. माझे म्हणणे त्याहून नेमके आहे. एखादी वस्तू हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर आवडणे ह्या दोन क्रिया मेंदूत निरनिराळ्या यंत्रणांनी घडतात. एरवी त्या बरोबरीने चालतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो, आणि व्यसनात त्यांची फारकत होते. माँट्रिआलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तुम्ही वाचला आहे. उंदराच्या मेंदूत बसवलेली तार ठरल्या जागेपासून भरकटली होती, आणि ज्या कोपऱ्यात विजेचा सूक्ष्म स्पर्श होई त्या कोपऱ्याकडे तो उंदीर पुनःपुन्हा परतू लागला होता. पुढे उंदरांना स्वतःच विजेची कळ दाबता येईल अशी सोय केली, तेव्हा काही उंदीर तासाला हजारो वेळा ती दाबू लागले. त्यावरून सुखाचे केंद्र सापडले असे सर्वत्र बोलले जाऊ लागले.

मामा : त्यात गैर काय आहे? जो प्राणी एखादी गोष्ट तासाला हजार वेळा मागतो, त्याला ती सुखकर वाटते असेच कोणीही म्हणेल.

भाची : उंदराने कळ दाबली, हे डोळ्यांनी पाहिलेले कृत्य आहे, त्याला सुख झाले, हे आपले अनुमान. तुमच्या न्यायालयात साक्षीदाराने असे अनुमान सांगितले असते तर तुम्ही ते जबानीत नोंदवू दिले नसते. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली डोपामीन ह्या द्रव्याचा पुरवठा करणारे तंतू उंदरांच्या मेंदूतून जवळजवळ नष्ट केले. ते उंदीर अन्नाकडे वळेनासे झाले, समोर खाद्य असता उपाशी राहू लागले, आणि त्यांना नळीने भरवावे लागले. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले की, तान्ही मुले गोड चाटताना जशी जीभ आणि ओठ हलवतात तसेच ते हलवीत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. उलट, ज्यांच्या मेंदूत डोपामीन अधिक काळ रेंगाळते असे उंदीर पुढे तयार झाले, तेव्हा ते गोड पदार्थाकडे अधिक त्वरेने धावले. तो पदार्थ त्यांना अधिक गोड लागत असल्याचे मात्र कोणतेही चिन्ह दिसले नाही.

डोपामीनचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट मध्येच नमूद करून ठेवतो, कारण ह्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून गेलेला आहे आणि त्याची जाणीव आपल्याकडे फारशी दिसत नाही. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यकात पुरातन काळापासून वापरात होती. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो ह्याचा रुग्णांवरील पद्धतशीर पुरावा मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल ह्या नियतकालिकात जगापुढे मांडला. त्या मुळीतून पुढे रेसर्पीन हे औषध वेगळे काढण्यात आले. ते टोचलेले ससे निश्चेष्ट पडून राहतात, आणि डोपामीनचे पूर्वरूप असलेला एल-डोपा दिला की पुन्हा उठून हिंडू लागतात, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली दाखवले, तेव्हा कोठे हे द्रव्य मेंदूच्या व्यवहारात स्वतंत्र मानकरी आहे हे शास्त्रास उमगले. कार्लसन यांना त्याबद्दल २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मामा : पण ही ओढ कोणत्या वस्तूकडे लागावी, हे कोण ठरवतो? उंदीर काय किंवा माणूस काय, जन्मतः गर्दकडे ओढला जात नाही.

भाची : ते शिक्षणाने ठरते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन-पेशींचे स्पंदन टिपले. अवचित फळाचा रस मिळाला की त्या पेशी एकदम उसळत. रसाच्या आधी दिवा लावण्याचा पाठ माकडाला पुरेसा दिल्यावर उसळी दिव्याशी येऊ लागली, आणि प्रत्यक्ष रस मिळताना त्या पेशी स्तब्ध राहू लागल्या. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर ज्या क्षणी तो यावयाचा त्याच क्षणी त्यांचे स्पंदन नेहमीच्या पातळीखाली जाई. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ साली ह्याचा गणिती अर्थ लावला.

मामा : म्हणजे अपेक्षेची रक्कम एका रकान्यात, वसुलीची दुसऱ्या रकान्यात, आणि ह्या पेशी दोहोंतला फरक तेवढा दप्तरी नोंदवतात, वसुली अपेक्षेबरहुकूम झाली तर नोंद करण्यासारखे काही उरत नाही.

भाची : अगदी तसेच. आणि शिल्लक चुकली की पुढच्या खेपेचा अंदाज दुरुस्त होतो. पण मादक द्रव्य ह्या व्यवहारात लबाडी करते. ते डोपामीनची पातळी स्वतःच चढवते, त्यामुळे वसुली दर खेपेस अपेक्षेहून अधिक झाल्याची खोटी नोंद होत राहते, आणि त्याच्या आधी दिसणाऱ्या प्रत्येक खुणेचे मोल वाढत जाते. ते मोल साठवण्याच्या कामी अमिग्डाला येतो. कानशिलाच्या आतल्या अंगाला असलेल्या ह्या बदामाएवढ्या पुंजक्याला लोक भीतीचे केंद्र म्हणतात, ते अपुरे आहे. १९३७ च्या सुमारास शिकागोत हाइनरिख क्ल्युव्हर आणि पॉल ब्युसी यांनी हा पुंजका ज्यात असतो ते मेंदूचे भाग माकडांतून काढले, तेव्हा त्या माकडांची भीती तर गेलीच, ती सापालाही हात घालू लागली. पण त्याबरोबर खाण्याजोगे काय आणि न खाण्याजोगे काय हा विवेकही गेला, आणि दिसेल ती वस्तू ती तोंडात घालू लागली. वस्तूचे आपल्या लेखी असलेले मोलच त्यांच्या दृष्टीतून नाहीसे झाले होते. केंब्रिजमध्ये बॅरी एव्हरिट आणि ट्रेव्हर रॉबिन्स यांच्या प्रयोगशाळेत अमिग्डालाचा एक विशिष्ट भाग नष्ट केलेले उंदीर प्रत्यक्ष कोकेन मिळत असेल तर कळ दाबायला शिकत. पण कोकेनशी जोडलेल्या नुसत्या दिव्यासाठी दीर्घकाळ कळ दाबत राहणे त्यांना जमत नसे. आणि हे मोल कृतीत उतरते ते न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या भागात. भावना आणि हालचाल यांच्या मधला हा दुवा आहे असे गॉर्डन मोगेन्सन यांनी १९८० सालीच मांडले होते. २०११ साली तर अमिग्डालापासून तेथवर जाणारे तंतू प्रकाशाने चेतवण्याची युक्ती साधली, आणि त्या चेतनेसाठी उंदीर आपण होऊन धडपडू लागले. तेच तंतू दाबून ठेवले, तर साखरेची खूण दिसूनही ते साखर कमी पिऊ लागले.

मामा : हे सारे उंदरांचे झाले. उंदराला मी कधी शपथ दिलेली नाही. मला माणसाचा दाखला दे.

भाची : कंपवाताच्या रुग्णांचा देते. डोपामीनची नक्कल करणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधे त्यांना दिली जातात. आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली काही वृद्ध माणसे ती सुरू झाल्यानंतर जुगारापायी कर्जबाजारी झाली, आणि औषध थांबवल्यावर त्यांचा नाद ओसरला; २००५ च्या सुमारास अशी प्रकरणे वैद्यकाच्या नियतकालिकांत एकामागून एक प्रसिद्ध झाली. हात थरथरतो म्हणून ज्याने गोळी घेतली, त्याने जुगारासाठी अफरातफर केली तर तुम्ही काय कराल?

मामांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. तो विचाराचा वेळ होता, आणि पुढे त्यांनी जे सांगितले ते मला ह्या सबंध वादातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मामा : १८६० च्या दंडसंहितेचे कलम ८५ मी तुला सांगतो. आपल्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध ज्याला अंमली पदार्थ दिला गेला, त्याला संरक्षण आहे. पण केव्हा, तर आपण काय करतो आहोत, किंवा ते गैर आहे, हे समजण्यास तो असमर्थ झाला असेल तेव्हाच. वेडाविषयीच्या कलम ८४ ची कसोटीही हीच, आणि २०२३ च्या न्याय संहितेनेही ती बदललेली नाही. तुझा कंपवाताचा रुग्ण सर्व काही जाणत होता. त्याने कागद दडवले, घरच्यांशी खोटे बोलला. ही जाणत्या माणसाची लक्षणे आहेत. आमच्या कायद्याने माणसाचे ज्ञान तपासले आहे. त्याची ओढ किती प्रबळ होती हे मोजण्याचे माप कायद्याने कधी हाती घेतलेले नाही, आणि माझ्या मते ते बुद्धिपुरस्सर घेतलेले नाही. ज्याची ओढ प्रबळ त्याचा गुन्हा सौम्य असे एकदा ठरले, म्हणजे सर्वांत लोभी माणूस सर्वांत निर्दोष ठरेल.

भाची : तुमचा धोक्याचा इशारा खरा आहे. पण मग ज्ञानाची कसोटी अशा माणसाच्या बाबतीत काहीच मोजत नाही, हेही मान्य करा. त्याच्या मेंदूत बिघाड झाला तो समजण्याच्या ठिकाणी झालेलाच नाही.

मामा : आणि आवरण्याच्या ठिकाणी? तेथे झाला असे तू सिद्ध केलेले नाहीस. व्हिएतनामच्या सैनिकांचे काय? ली रॉबिन्सबाईंचा अहवाल तूच मला वाचायला दिला होतास. तेथे असताना अमेरिकन शिपायांपैकी सुमारे पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. १९७१ साली परत आल्यावर त्या व्यसनी शिपायांपैकी जवळजवळ निम्म्यांनी पुन्हा एखाद्या वेळी तरी अफूवर्गीय द्रव्य घेतले, आणि तरीही पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले ते शेकडा पाचच्या आसपास. म्हणजे द्रव्य पुन्हा चाखूनसुद्धा बहुसंख्य माणसे थांबली. मार्ग तोच, डोपामीन तेच, आणि माणूस थांबला! व्हरमाँटच्या स्टीफन हिगिन्स यांचेही तूच सांगितलेस की, लघवीच्या तपासणीत कोकेन आढळले नाही तर वस्तूंच्या मोबदल्याची पावती देऊ, असे ठरवताच कित्येक कोकेनग्रस्त आठवडेच्या आठवडे कोरडे राहिले. जो पावतीखातर थांबू शकतो, त्याला थांबता येत होते.

भाची : सैनिक थांबले हे खरे, पण कोठे थांबले ते पाहा. ज्या छावणीत, ज्या सोबत्यांत, ज्या उकाड्यात आणि भयात त्यांची हेरॉइनशी गाठ पडली, ते सर्व दहा हजार मैलांवर मागे राहिले होते. घरच्या गल्लीतल्या कोणत्याही दिव्याने त्यांच्या अमिग्डालाला साद घातली नाही. आपला रुग्ण मात्र ज्या नाक्यावर पुडी घ्यायला शिकला, त्याच नाक्यावरून घरी जातो. आणि खुणेचा अंमल केवळ मनावर नसतो. कॅनडात शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली उंदरांना हळूहळू वाढत्या मात्रेने हेरॉइनची सवय लावली आणि शेवटी सर्वांना सारखाच मोठा डोस दिला. ज्यांना तो सवयीच्या खोलीत मिळाला, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे ३२ दगावले. ज्यांना अनोळखी खोलीत मिळाला, त्यांच्यापैकी ६४. आणि ज्यांना मुळीच सवय नव्हती, त्यांच्यापैकी ९६. ओळखीची खोली पाहताच शरीर येणाऱ्या विषाचा प्रतिकार आधीच उभारू लागते. द्रव्य यायच्या आधीचा तो प्रतिकार, पुडी हाती नसलेल्या माणसाला नुसत्या नाक्याच्या दर्शनाने जाणवतो. आमचे रुग्ण त्याला टर्की म्हणतात. नाक-डोळे पाझरू लागतात, पोटात कळा येतात. बरा होऊन गेलेला माणूस कित्येक महिन्यांनी रेल्वेच्या पुलावर चढतो आणि त्याला हे होते.

मामा : माझ्यापुढे अपिलात असाच एक खटला आला होता. उपचार पुरे करून घरी गेलेला तरुण, आणि आठवड्याच्या आत सोसायटीच्या पितळी तोट्या काढून विकताना सापडला. वकिलाने व्यसनाचे कारण सांगितले. मी शिक्षा कायम केली, आणि आज तोच कागद पुढे आला तर दोषसिद्धी पुन्हा कायमच करीन. ज्यांचे पाणी गेले त्यांचाही मेंदू आहे, आणि त्यांनाही न्याय हवा आहे.

ह्या ठिकाणी माझे मत मी मांडून ठेवतो. दोषसिद्धीच्या मुद्द्यावर मामांची बाजू मला योग्य वाटते. कारण ज्याने तोट्या काढल्या त्याने त्या काढल्या, आणि हे उच्चारल्यावाचून समाजाचा व्यवहार टिकत नाही. पण उपचारानंतर आठवड्यात घसरलेला माणूस कृतघ्न किंवा निगरगट्ट असतो, असे जे आपण सर्वजण मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो, त्याला यत्किंचितही आधार नाही. आणि तो तरुण चोरीच्या त्या क्षणी सुखाच्या मागे लागलेला होता, ह्या समजुतीला तर मुळीच नाही. भाचीने पुढे जे सांगितले त्यावरून हे स्पष्ट व्हावे.

भाची : तो आठवड्यात घसरला, ह्यात त्याच्या उपचाराची नालस्ती नाही, आणि त्याचीही नाही. शिकलेली खूण पुसली जात नाही हे पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांवरच दिसले होते. घंटा वाजवून अन्न न देण्याचा पाठ दिला की लाळ थांबते, पण काही काळ मध्ये गेला की ती आपोआप परत येते. व्हरमाँटच्याच मार्क बाउटन यांनी पुढे दाखवले की, खूण निष्फळ असल्याचा हा नवा पाठ ज्या खोलीत दिला, त्या खोलीला तो चिकटून राहतो. प्राण्याला जुन्या खोलीत नेले की जुना पाठ पुन्हा जागा होतो. आमच्या केंद्रात रुग्ण जे शिकतो, ते केंद्राच्या भिंतींत शिकतो. रुग्णालयात बसवून व्यसनाच्या खुणा पुनःपुन्हा दाखवण्याचा उपचारही करून पाहिला गेला आहे, आणि त्याचे फळ निराशाजनक आले, ते ह्याच कारणाने.

मामा : मग खूण मांडून बसणाऱ्याचे काय? मला मटक्याचे खटले आठवतात. १८८७ च्या मुंबई जुगार-प्रतिबंधक कायद्यात अड्डा चालवणाऱ्यासाठी कलम ४ आहे आणि तेथे खेळताना सापडणाऱ्यासाठी कलम ५. आणि चालवणाऱ्याला शिक्षा अधिक. तुझ्या शास्त्राच्या शंभर वर्षे आधी कायद्याला एवढे कळले होते.

भाची : कळले होते, आणि त्याला आता बळकट पुरावा मिळाला आहे. बक्षीस मिळेल की नाही ह्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा निकालाची वाट पाहताना डोपामीन-पेशींचे स्पंदन सर्वांत अधिक चढते, हे माकडांत २००३ साली आढळले. आणि थोडक्यात हुकलेला आकडा हा हारच असूनही अक्युम्बन्सच्या परिसराला जिंकल्यासारखा चेतवतो, हे २००९ साली माणसांत. हे ज्ञान आता खेळ रचणाऱ्यांच्या हाती आहे. खिशातल्या फोनवर रात्री अकराला सूचनेचा आवाज करणारा माणूस, नाक्यावर उभ्या असणाऱ्या पुडीवाल्याहून वेगळे काही करीत नाही.

मामा : तेवढ्यापुरता मी तुझ्याशी सहमत आहे, तेथे शिक्षा वाढवायला माझी हरकत नाही. पण त्या तरुणाकडे परत ये. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम ४ न्यायालयाला अशी मुभा देते की, दोष सिद्ध धरूनही त्याला हमीपत्रावर सोडावे, आणि त्या हमीपत्रात मादक पदार्थ वर्ज्य करण्याची तशीच राहण्याच्या ठिकाणाविषयीची अट घालावी. वर्ज्य करण्याच्या अटीवर माझ्यापुढे वकिलांनी तासन्‌तास भाषणे केली आहेत. राहण्याच्या ठिकाणाविषयी कोणी एक वाक्य बोललेले मला आठवत नाही.

भाची : आणि माझ्या दृष्टीने त्या दोहोंत तीच अट उपचार आहे.

मामा : असेल, पण ती कशी घालू? त्याची आई त्याच गल्लीत राहते, भाड्याची एकच खोली आहे, आणि त्याला दुसरे घर नाही. सैनिकाला सरकारने विमानाने परत आणले. ह्याला कोठे नेऊन ठेवू, आणि कोणाच्या खर्चाने?

भाची : त्याला हलवता येत नसेल तर पाठ त्याच्या गल्लीत न्यावा लागेल, मामा. केंद्रातून सुटताना पहिले काही आठवडे कोणी तरी त्याच्याबरोबर त्या नाक्यावरून चालत गेले पाहिजे, दररोज, ठरल्या वेळी. तलफ येईल, ती पुडीवाचून ओसरेपर्यंत त्याच्यापाशी थांबले पाहिजे. आठवड्याची बैठक केंद्रात न घेता त्याच वस्तीतल्या शाळेत घेतली पाहिजे. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले तेव्हापासून बरे झालेले रुग्णच नव्या रुग्णांना हात देत आले आहेत; अशी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत आणि ती हे काम करू शकतील. त्यासाठी तुमच्या हमीपत्रात त्या माणसाचे नाव, रस्त्याचे नाव आणि वेळ लिहावी लागेल.

मामा : परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात रस्त्याचे नाव मागवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मसुदा करून आण. कायद्याची भाषा मी घालतो.